पाठमोरी

आजोबांनी रोज तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेत योगिनीचं बोलताना अडखळणं घालवलं होतं. सुरगाण्याच्या शाळेत मुलं तिला ‘ततपप’ म्हणत, हे नाशिकला आल्यावर तिनं फक्त अंजलीला सांगितलं. अंजलीनंच तिला मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळात आपल्या संघात घेतलं, तिच्या खेळाडूला जर्सी चढवली आणि बजावलं, “कॅमेरा फर्स्ट पर्सनच ठेव, नेम चुकत नाही.” तेव्हापासून योगिनीला पडद्यावर स्वतःचे फक्त हात दिसत. आज आजोबा शेजारी टेकले. “अगं, यात तू कुठली? दाखव तरी.” त्यांच्यासाठी तिनं कॅमेरा खेळाडूच्या मागे नेला. पहिल्यांदाच तिला आपली पाठ दिसली. जर्सीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ततपप’. महिनाभर सगळा संघ ते वाचत होता. कानातल्या हेडफोनमधून अंजलीचा आवाज आला, “थांबलीस का गं? हो पुढे, मी आहे ना तुझ्या मागे.” “त... त... तू?” एवढंच योगिनीच्या तोंडून निघालं.