कुठली तार?

पंपाच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या कवचाचा कान, म्हणजे बोल्ट बसवायचा कोपरा, तुटला होता. लाँड्रीवाल्यानं दोन्ही तुकडे बाकावर ठेवले. "हे गेलं तर नवं मिळणार नाही. पंपवाली कंपनीच बंद पडली."

वेल्डरनं मान डोलावली. लाँड्रीवाला गेल्यावर त्यानं वेल्डिंगच्या दोन तारांचे वीतवीतभर तुकडे तोडले, एक सिलिकॉनची, एक मॅग्नेशियमची. तुटका कान खिशात टाकला, शटर अर्धं ओढलं आणि थोरल्या भावाच्या, दादाच्या घरी निघाला.

उभी हयात वेल्डिंगचा टॉर्च यानं धरला होता आणि तार दादानं निवडली होती. दादा तुटकी कड कानशीनं घासायचा, उजेडाला धरायचा आणि न बोलता एक तार पुढे करायचा. तार चुकली तर सांधा दिसायला झकास, पण थंड होता होता तडकतो. दादाचा सांधा कधी तडकला नव्हता.

दार वहिनीनं उघडलं. "या भाऊजी. आज जरा बरे आहेत."

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादाची वाचा गेली होती. तो खिडकीशी बसला होता. धाकट्यानं कान त्याच्या मांडीवर ठेवला, तारा समोर धरल्या.

"दादा, पंपाचं कवच आहे. मला सिलिकॉनची वाटतेय. तू सांग."

दादानं मांडीकडे पाहिलंच नाही. जी तार जास्त चकाकत होती ती, मॅग्नेशियमची, त्यानं उचलली, मुठीत घट्ट धरली आणि अर्ध्या तोंडानं हसला.

असल्या ओतीव कवचाला ती तार घातली की तडा ठरलेला, हे धाकट्याला दादानंच शिकवलं होतं.

"बरोबर," तो म्हणाला. "माझंच चुकत होतं."

दुकानात येऊन त्यानं कान कवचाला जुळवला, कवच सावकाश तापवलं, सिलिकॉनची तार घातली, वर जाड कापड टाकलं आणि कान देऊन बसला. टक् असा आवाज आला की संपलं. कवच निवत गेलं. आवाज आला नाही. कापड काढून त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं.

"धरला बघ," तो बोलून गेला. दुकानात कोणी नव्हतं.

फोन वाजला. वहिनी होती.

"भाऊजी, ती तार हे मुठीतून सोडतच नाहीत. तुम्हाला लागेल ना?"

"असू दे, वहिनी," तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरी आहे."