पत्र्यावरचे दगड

खडीच्या क्रशरखालच्या वस्तीत सूर्य उगवला की सगळ्या छपरांचे नवे पत्रे कुत्र्यानं अंग झटकावं तसे थरथरत आणि रात्रभराची धूळ खाली टाकत. एका कुंदाच्या घरचे तेवढे गप्प राहत.

पत्र्यांच्या कंपनीचा माणूस शिडीवरून वर डोकावला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"ताई, हे दगड कशाला? वर ओझं असलं की हे पत्रे थरथरत नाहीत. धूळ जाणार कशी?"

"वाऱ्यानं पत्रे उडतात. आमच्याकडे दगड ठेवतातच."

"हे नाही उडत."

"असू द्या," कुंदा म्हणाली.

नवे पत्रे बसल्यावर तिचे सासरे, आबा, खाटेवरून उठेनासे झाले होते. दुखत काहीच नव्हतं. पण सकाळी छपरावर चढून पन्हळीन् पन्हळ झाडणं हे घरातलं त्यांचं काम, तेच पत्र्यांनी काढून घेतलं होतं. आबा दुसरी भाकरी घ्यायलाही संकोचू लागले, तेव्हा कुंदानं ओढ्यातून दगड आणले. पत्रे बिघडलेत, असं त्यांना सांगितलं.

माणूस निघून गेला. ओट्यावर चहा पीत बसलेल्या आबांनी सगळं ऐकलं होतं. कुंदाला त्यांच्याकडे बघवेना.

आबांनी कप खाली ठेवला, झाडू उचलला आणि ते शिडी चढू लागले.

"सूनबाई, दगड जरा कडेला सरकवतो. मधे झाडू अडतो." वरच्या पायरीवर ते थांबले. "काढत एकही नाही."