तू हिची कोण?

नवरा वारल्यावर दहाव्या दिवशी गोदावरीचं केशवपन करायचं, असं तिच्या दिरानं, वेणीमाधवनं ठरवलं. सोलापुरातलं ते १९२६ साल होतं आणि गोदावरी बावीस वर्षांची. ती नको म्हणत राहिली, दोन दिवस जेवली नाही. तरी त्या सकाळी न्हावी येऊन मागच्या अंगणात बसला. तेवढ्यात मुलींच्या शाळेत शिकवणारी प्रेमला दारात येऊन उभी राहिली.

वेणीमाधव आडवा आला. "सुतक आहे. बाहेरच्यांनी यायचं नाही. तू हिची कोण?"

"मैत्रीण."

"मी नातं विचारतोय. बहीण आहेस? नणंद आहेस? मैत्रिणी परकरी पोरींना असतात, सागरगोटे खेळायला. लग्न झालेल्या बाईला कसली मैत्रीण?"

"खरं आहे, नात्यात मी तिची कुणीच नाही," प्रेमला म्हणाली. "नात्यातली सगळी न्हाव्याला घेऊन बसलीत. म्हणून तर तिला न्यायला मला यावं लागलं."

"ती या घरातून गेली, तर आम्हाला मेली!" वेणीमाधव ओरडला.

गोदावरी आतून बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पदराखाली केस होते. दिराकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"टांगा आणलास?" तिनं प्रेमलाला विचारलं.

"कोपऱ्यावर उभा आहे."

"मग चल," गोदावरी म्हणाली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.