सव्वीस जण येतायत

“सव्वीस जण येतायत,” दीपक म्हणाला. “अकरा जणांना जमणार नाही.”

हर्षालीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. सव्वीस नावं खरोखरच होती. तिला मात्र आनंद होईना.

“गेल्या वर्षी तीस येणार होते,” ती म्हणाली.

आले होते चार. गंगापूर रोडवरच्या वाचनालयाचा हॉल माणसांनी भरलेला, प्रत्येकाच्या काखेत जुना लॅपटॉप, आणि ते चालू करून द्यायला या दोघांना धरून सहा जण. नांदगावहून आलेल्या एका शिक्षिकेने तीन तास वाट पाहिली आणि बॅग न उघडताच परतीची गाडी धरली. वाचनालयाच्या कार्यवाहांनी यंदा हॉल देताना बजावलं होतं, “ताई, या खेपेला फजिती झाली तर पुढच्या वर्षी विचारायला येऊ नका.”

हा त्यांचा दरवर्षीचा ‘ओपन सोर्स दिवस’ होता. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, सुधारता येतो, फुकट वाटता येतो, ते लोकांच्या जुन्या संगणकांवर बसवून द्यायचं, मराठीत टाइप करायला शिकवायचं. हर्षाली तंत्रनिकेतनात शिकवायची, दीपक अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होता. हा दोघांचा सुट्टीतला नाद. मोठ्या कंपनीचा तयार फॉर्म वापरणं दीपकच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून स्वयंसेवकांचा फॉर्मही त्याने स्वतः लिहिला होता. नाव, फोन, आणि ‘येईन’ किंवा ‘जमणार नाही’. ओळखीच्या सगळ्यांना तो धाडून झाला होता.

“एकदा फोन करून खात्री करू या?” त्याने विचारलं.

“नको. गेल्या वर्षी एकेकाला तीन-तीनदा केले. फोनवर सगळे हो हो म्हणतात. यंदा एकच मेसेज.”

तो तिने तिथेच बसून लिहिला. ‘तुमचं नाव आम्ही धरलं आहे. तुम्ही आलात तरच हे होईल. रविवारी सकाळी नऊ वाजता.’ सव्वीस जणांना तो गेला. उरलेल्या अकरा जणांना, ‘काही हरकत नाही, पुढच्या वर्षी नक्की भेटू.’

दोघा-तिघांनी अंगठा पाठवला. बाकी सगळीकडे सामसूम.

रविवारी साडेआठला ती हॉल उघडायला गेली, तर पायरीवर सावळीराम बसलेले. वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

“काका, तुम्ही? एवढ्या लवकर?”

“मेसेज वाचला. मग घरी बसवेना,” ते म्हणाले, आणि वायरींची गुंडाळी त्यांनी तिच्या हातातून काढून घेतली.

नऊला पूजा आली. रविवार म्हणजे तिच्या पार्लरचा सगळ्यात गर्दीचा दिवस.

“पार्लर बंद ठेवलंस?”

“आता नाव धरलंय म्हटल्यावर काय करणार!”

वैष्णवीची मंगळवारी इंजिनिअरिंगची परीक्षा होती. ती पुस्तक घेऊनच आली आणि ते टेबलाखाली ठेवून कामाला लागली. लासलगावच्या बाजार समितीत कारकून असलेला झुंबर पहिली एसटी पकडून आला होता.

“मॅडम, मला यातलं लय काय येत नाय,” तो जरा अवघडून म्हणाला. “पण तुम्ही लिहिलं, मी आलो तरच व्हईल. म्हनलं, आपल्यामुळं अडायला नको.”

दहापर्यंत अकरा जण झाले. बाहेर रांग जिन्याखाली उतरली होती. दारापाशी हर्षाली उगाच खुर्च्या सरळ करत राहिली. सव्वादहाला तिघं आले, मग दोघं, मग आणखी तिघं. एकोणीस.

मग तिला वर मान करायला फुरसत मिळाली नाही. सावळीरामांनी सगळी विजेची जोडणी सांभाळली. झुंबरने नोंदणीचं टेबल असं चालवलं, की एकाही माणसाला दोनदा रांग लावावी लागली नाही. निफाडकडच्या बायडाबाई आपल्या बचत गटाचा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. वैष्णवीने दोन तास त्याच्याशी झटापट केली. तो सुरू झाला तेव्हा बायडाबाई नुसता त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पाच वाजता कार्यवाह स्वतः चहा घेऊन आले. “पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच सांगून ठेवा,” म्हणाले.

खुर्च्या रचताना हर्षालीचा फोन वाजला.

“मी चंदर, पंचवटीतून बोलतोय. राग नाही मॅडम, फक्त विचारायचं होतं. मी फॉर्ममध्ये ‘येईन’ लिहिलं होतं. तुम्ही ‘पुढच्या वर्षी भेटू’ म्हणून कळवलंत. माझं काही चुकलं का?”

तिने माफी मागितली आणि दीपकला सांगितलं.

“असं कसं होईल?” तो म्हणाला, आणि आजवर फॉर्मने आपोआप लावलेली यादीच बघितलेली असल्याने, लोकांनी मुळात भरलेली उत्तरं त्याने पहिल्यांदाच उघडली. बोट एकेका नावावरून खाली गेलं, थांबलं, पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून उतरू लागलं. मग त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

दिवसभर राबलेल्या एकोणीसच्या एकोणीस नावांपुढे लिहिलं होतं, ‘जमणार नाही’.