चाफ्याखालचा बाक

"आधी गजरा घाल, मंग आत जाऊ," बागेच्या दगडी कमानीखाली थांबून गोदाबाई म्हणाली.

"राहू द्या ना, आई. नंतर घालते."

"माह्या हातचा हाय. पहाटे उठून ओवला. सुकून जाईन."

प्रणालीनं गजरा हळूच पिशवीत ठेवला आणि पुढे चालू लागली.

अकोल्यातली ही बाग इंग्रजांच्या काळातली. आजूबाजूच्या माळ्यांच्या घरांत मुलगी पाहायची झाली, की पहिली भेट इथंच. घरी बोलावलं की पोहे आले, शेजारी आले, आणि नकार आला तर गल्लीला महिनाभर पुरेल एवढा विषय आला. बागेचं तसं नाही. लोक फिरायला येतात, फिरून जातात.

चाफ्याखालच्या लांब बाकाला दोन टोकं. कारंज्याकडचं मुलाकडच्यांचं, खोडाकडचं मुलीकडच्यांचं. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण चुकत कुणी नाही. अंकुरच्या वेळी गोदाबाई कारंज्याकडे बसली होती. ताठ, मुलाची आई म्हणून. आजही पाय सवयीनं तिकडेच वळले. बसता बसता तिच्या लक्षात आलं. ती उठली आणि खोडाकडच्या टोकाला जाऊन बसली.

गोदाबाईचे यजमान वामनराव आले नव्हते. "फुलं तोडाची हायेत," म्हणाले. आदल्या संध्याकाळीच सगळा मळा तोडून झाला होता.

अमरावतीची माणसं वेळेवर आली. माणिकबाई आणि त्यांचा मुलगा गजेंद्र. स्वतःचं गॅरेज आहे, नखं मात्र घासून स्वच्छ केलेली. गोदाबाईनं तेवढं बघून घेतलं.

स्थळ जठारपेठेतल्या साधनाताईनं सुचवलेलं. पाहुण्यांना सांगायचं ते सगळं तिनं सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट गोदाबाईनं स्वतःकडे राखली होती. "ते मी सांगीन, माह्या तोंडानं." आता ती ऐकून ही माणसं उठून गेली, तर? प्रणालीचं इथं जमावं, एवढंच तिला हवं होतं.

"लय जुनी बाग हाय म्हणते," माणिकबाई म्हणाल्या.

"आमच्या घरचीच समजा. हा चाफा आमच्या मालकाच्या आज्यानं लावला. बार्शीटाकळीहून बैलगाडीत फांदी आणली होती."

"नुसती फांदी? मुळं नसताना?"

"चाफ्याले मुळं नाई लागत. पण तोडल्या तोडल्या मातीत घातली, त सडते. चीक सुकू द्या लागते. जखम भरली, की मंग कोनत्याई मातीत जीव धरते."

माणिकबाईंनी वर पाहिलं. चाफा पांढराशुभ्र फुलला होता.

"पोरगी काय करून राहिली सध्या?"

गोदाबाई याच प्रश्नाची वाट पाहत होती. "काय करत नाई ते इचारा! पहाटे स्कूटीवर फुलं घेऊन बाजारात हेच जाते. व्यापारी हिले प्रणालीभाऊ म्हणतात. भावात कोनाले ऐकत नाई. घरात आली तई सायकलसुद्धा येत नव्हती. स्कूटी मीच शिकवली."

"तुमाले येते स्कूटी?"

"मले कुठची! मी मांगं मांगं पळत होती."

गजेंद्र हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला.

"अन् तुमी काहून गप्प जी?" गोदाबाईनं त्याला धरलं. "चहा करता येते का?"

"येते. पण आई म्हणते, लय गोड होते."

"हे पोरगी फिका पेते. भांडनाले आयती जागा."

प्रणाली खुदकन हसली. ते हसू ऐकून गोदाबाईनं घाईनं पदरानं चष्मा पुसला. "जा, ते कारंजं दाखव त्याइले," ती म्हणाली.

दोघं कारंज्याकडे गेली. माणिकबाई बाकावरून सरकत सरकत खोडाकडच्या टोकाला आल्या.

"पोरगी पसंत हाय आमाले. माह्या पोराचं तोंड पाहा, तेच सांगून राहिलं. लय जीव लावला तुमी तिले."

"लावाच लागते. घरची लक्ष्मी हाय."

"पण एक गोष्ट मनात हाय. राग नका मानू."

"बोला ना."

माणिकबाईंनी आवाज उतरवला. "पोरीचा नवरा अपघातात गेला, ते साधनाताईनं सांगतलं. त्याचं आमाले काई नाई. पण तिकडं सासू हाय म्हणे. एकुलता पोरगा गेलेली बाई. उद्या ते आडवी आली, पोरीले टोचून बोलली, त? तिचं कसं करता?"

गोदाबाईनं हात उंचावून प्रणालीला बोलावलं, आपल्यापुढे पाठमोरी बसवलं आणि पिशवीतून मोगरा काढला. या वेळी प्रणाली नको म्हणाली नाही. गोदाबाईनं गजरा तिच्या वेणीवर नीट माळला, पिन लावली आणि मान ताठ करून माणिकबाईंकडे पाहिलं.

"ते आडवी नाई येत, ताई. हा गजरा तिच्याच हातचा हाय."