रीसेटवरचं बोट

स्क्रीनवर पुन्हा तीच लाल ओळ आली. बोर्ड सापडत नाही.

बोर्ड तर समोर टेबलावर पडला होता, बोटाएवढा, चांगला धडधाकट. मुलीने वायर काढून पुन्हा लावली, बोर्डात प्रोग्राम घालायचा जोड, तो डीबगर, झटकून पाहिला आणि कपाळाला हात लावला. चूक तिच्या लक्षात आली होती. बॅटरी पुरावी म्हणून सकाळीच तिने प्रोग्राममध्ये भर घातली होती: जाग आली की ज्या पिना लागत नाहीत त्या सगळ्या बंद करायच्या आणि लगेच झोपायचं. त्या सगळ्यांत डीबगर जिथून आत शिरतो त्या दोन पिनाही बंद झाल्या. आतून कडी लावून चिप गाढ झोपली होती.

ही काटकसर तिला घरातूनच मिळालेली. माणूस खोलीतून पुरता बाहेर पडायच्या आत दिवा मालवणारे बाबा पलंगावर बसून तिच्याकडेच बघत होते. खाण तशी माती, दुसरं काय!

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला होता. शाळेत कवायत शिकवायचे, एका हाकेत अख्खं मैदान वळवायचे. आता घोटभर पाणी हवं असलं तरी आईची नजर वळायची वाट बघावी लागे. म्हणून आई रात्रभर पलंगाशेजारी खुर्चीत बसून राही. साधी घंटी आणून झाली होती. पण एकदा झोपल्यावर कानाशी ढोल बडवला तरी आपण उठत नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. मग झोपायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं. सकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि स्वतःचा कप तसाच पिऊनही टाकला.

तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. बाबांनी बटण दाबलं की थरथरणारी, आईच्या उशीखाली ठेवायची डबी तयार होती. अडलं होतं ते बाबांच्या बटणातल्या या बोर्डापाशी. मुलीला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. बोर्ड उठला नाही, तर आई आजही खुर्चीतच.

"बाबा, जरा इकडे या. मला तिसरा हात पाहिजे."

बाबा येऊन बसले. एका हाताने मुलीने वायरींची टोकं बोर्डावर दाबून धरली, दुसरा हात माउसवर ठेवला.

"हे बारकं बटण दाबून धरा. रीसेट. मी 'सोडा' म्हटलं की सोडायचं. सोडलं की ही चिप डोळे उघडते आणि लगेच मिटते, तेवढ्यात मला आत घुसायचंय."

बाबांनी झेंड्याची दोरी धरावी तशा गांभीर्याने बटणावर बोट ठेवलं.

"सोडा!"

बाबांनी आधी तिच्याकडे बघून खात्री करून घेतली, मग सोडलं. लाल ओळ.

"बघायचं नाही हो, सोडायचं!"

पुढच्या खेपेला तिने तोंड उघडायच्या आतच बोट उचललं गेलं. त्यानंतर तिचीच क्लिक उशिरा पडली. मग वायर सरकली. मग पुन्हा लाल ओळ.

"जाऊ दे बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "माझंच चुकलं. चाललेलं नीट चालू द्यायचं सोडून नसता शहाणपणा केला. आता आईला काय सांगू?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग डाव्या हाताची मूठ वळून त्यांनी टेबलावर टकटक केलं: इकडे बघ. टक, टक, टक. कवायतीच्या ठेक्यात. तिसऱ्या टकेला त्यांनी बटणावरचं बोट उचलून दाखवलं. पुन्हा एकदा दाखवलं.

मुलीने नाक पुसलं. "म्हणजे हुकूम तुम्ही देणार? बरं, द्या."

टक, टक, टक.

ओळ हिरवी झाली.

"सापडला! बाबा, सापडला!" तिने आधी चिप पुसून कोरी केली, तो वेडा प्रोग्राम घालवला आणि त्या दोन पिना उघड्या ठेवून नवा घातला. बाबांनी टेबलावर मूठ अशी आपटली की चहाचे कप नाचले.

आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मुलीने डबी नेऊन तिच्या कमरेला खोचली. "राहू दे इथेच." एवढंच म्हणून ती बाहेर आली. बाबा पलंगावर जाऊन बसले होते. बोर्ड बसवलेलं बटण त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते दाबलं.

आत पातेलं पडलं. ओल्या हातांनी आई धावत आली. "काय झालं? पाणी हवंय? दुखतंय का?"

बाबांनी मान हलवली. काहीच नको होतं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे बोट दाखवलं.

"मी? भरदिवसा झोपू? आणि तुमच्याकडे कोण बघणार..."

कमरेची डबी थरथरली.

"अहो, पण भांडी..."

पुन्हा थरथरली. आईने मुलीकडे पाहिलं, हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले. पदराला हात पुसून तिने डबी उशीखाली सरकवली आणि आडवी झाली.

"पाचच मिनिटं हं."

उशी गुरगुरली.

"पुरे आता," आई डोळे मिटूनच म्हणाली. "एकदा बोलायला लागलात की थांबायचं नाव नाही तुमचं."