ओट्याचं तेल

“पोट कसं आहे आता?” जेवायला आलेल्या आर्डिसने दारातच विचारलं आणि झाकलेलं भांडं आर्विडच्या हातात दिलं. “शिजवलेले आलुबुखार आहेत. झोपताना वाटीभर घ्या. लाजू नका हो, आपल्या वयात होतंच.”

आर्विड भांडं धरून तसाच उभा राहिला. सबंध दुपार त्याने आरशापुढे पहिलं वाक्य घोकण्यात घालवली होती. त्यात पोट कुठेच नव्हतं.

सगळं त्या ओट्यापायी झालं होतं. बायको गेल्यापासून तो सिंकपाशी उभ्यानेच जेवत आला होता. यंदा मिनेसोटाच्या लांबलचक हिवाळ्यात त्याने मेपलच्या पट्ट्या जोडून स्वयंपाकघराच्या मधोमध जाड लाकडी ओटा केला, दोन माणसांना समोरासमोर बसता येईल एवढा. दोन का, हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. अशा ओट्याला खायचं तेल चोळलं तर ते खवट होतं. मिनरल ऑइल लागतं, आणि ते औषधांच्या दुकानात मिळतं. औषधांच्या दुकानात काउंटरवर आर्डिस असते. एका बाटलीत हिवाळा निघाला असता, पण आर्विड दर शुक्रवारी गुळगुळीत दाढी करून नवी बाटली आणू लागला. ती मान कलती करून हळूच विचारायची, “बरे आहात ना?” त्या आवाजावर हा गडी पुढचा शुक्रवार गाठायचा. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला त्याची नजर रिकामी होतीच कुठे?

आता त्याने कोपऱ्यातली बाटली उचलून वाचली. ‘बद्धकोष्ठावर सौम्य उपाय.’

“म्हणजे रविवारी चर्चमध्ये...” आर्विडला आठवलं. ‘आपल्या आर्विडची कोंडी सुटो’ अशी पाद्रीबाबांनी प्रार्थना केली होती. सगळ्यांनी खणखणीत ‘आमेन’ म्हटलं होतं. आपल्या एकटेपणाची गावाला किती काळजी, म्हणून आर्विडचे डोळे भरून आले होते.

“मीच सांगितलं होतं त्यांना,” आर्डिस म्हणाली. “इतक्या बाटल्या! मला तर धास्तीच वाटायला लागली.”

“अहो, त्या ह्याच्यासाठी होत्या!” आर्विड ओट्याकडे बोट दाखवून जवळजवळ ओरडलाच.

आर्डिसने ओट्यावर हात टेकला. तळवा तेलाने निथळत वर आला.

“ह्याला एवढं तेल?” ती म्हणाली. “आणि रस्त्यापलीकडे हार्डवेअरच्या दुकानात ओट्याचं तेल मोठ्या डब्यात मिळतं की!”

घोकलेलं वाक्य केव्हाच पळालं होतं. आर्विडने मान खाली घातली.

“मिळतं,” तो म्हणाला. “पण तिथे काउंटरवर गॉर्डन असतो.”

आर्डिसने रुमाल काढून तेलाचा हात पुसला. आता ही जाणार आणि आपले शुक्रवारही घेऊन जाणार, ह्या विचाराने आर्विडच्या पोटात खरोखरच गोळा आला.

तिने कोट काढून खुंटीला अडकवला. मग ती ओट्यापाशी बसली.

“रविवारी सांगते मी पाद्रीबाबांना,” ती म्हणाली, “औषधाला गुण आला म्हणून.”